पलीकडून ओ

चौकटीच्या तळाशी पहार रोवताना घणवाल्याला पुन्हा ते पत्र आठवलं. एरवी ते दुपारी आठवायचं, जेवण झाल्यावर, हात रिकामे असले की. आज सकाळीच आलं आणि मानगुटीवर बसलं. पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलंय, असं तो बायकोला सांगत असे. बायको ऐकून घेई आणि म्हणे, "राहून जायला ते काय दूध आणायचंय?"

पत्र त्यांच्या मुलीचं होतं. मुलगी सोळा वर्षांची, घरात तिला चिंगी म्हणत. हिवाळ्यापासून ती दुसऱ्या गावी मावशीकडे होती. उजवा हात अजून धड नव्हता म्हणून पत्र डाव्या हाताने लिहिलेलं. अक्षरं दारात गर्दी झाल्यासारखी एकमेकांना ढकलत होती. मजकूर थोडाच. मावशी बरी आहे, तिच्या मांजरीला पिलं झालीत, हाताला आता कळ कमी येते. आणि खाली, जरा जागा सोडून: 'बाबा, मी घरी येऊ का? आले तर मला पुन्हा मारणार नाही असं लिहून द्याल का? खरं असेल तरच लिहा.'

सगळं अडलं होतं त्या शेवटच्या वाक्यापाशी. बायकोचं म्हणणं सरळ होतं. 'नाही मारणार' म्हणून लिहा, पाकिटात घाला, पोर घरी आणा. लिहिल्याने कुणाची बोटं झिजत नाहीत. पण घणवाला स्वतःच्या हातांना चांगला ओळखून होता. मिसरूड फुटायच्या आधीपासून त्या हातांना एकच गोष्ट शिकवलेली होती: जे समोर उभं आहे ते आडवं करायचं. असे हात पदरी असताना लिहून काय द्यायचं? तो कागद घेऊन बसे, वर 'चि.' असं लिही, आणि पुढे पेनच्या टोकाकडे बघत राही. मग बायको दिवा घालवून टाकी.

त्याचा धंदा इमारती पाडण्याचा. कुणी घर बांधतं, कुणी रंगवतं, तसं कुणीतरी पाडायलाही लागतं. पाडण्याला डोकं लागत नाही, असं लोकांना वाटतं. तसं नाही. पाडण्याचेही नेम असतात, आणि ते मोडले की इमारत माणसाला मोडते. पहिली निघतात दारं, मग खिडक्या, मग छप्पर. दारं-चौकटी आधी अशासाठी, की त्यांना जुन्या मालाच्या बाजारात गिऱ्हाईक असतं. दार गेलं की घर मेलं, असं पाडकामवाले म्हणत. मग भिंत तोडायची ती वरून खाली. खालून घाव घालणारा एकदाच चुकतो. आणि सगळ्यांत वरचा नेम म्हणजे भिंतीला घण लावण्याआधी तिच्यावर तीनदा ठोकायचं, 'पलीकडे कोण?' म्हणून ओरडायचं आणि थांबायचं. पलीकडे आपलाच माणूस असू शकतो. ओ आली तर घण जमिनीला टेकवायचा. नाही आली तरी पुन्हा एकदा ठोकायचं, कारण माणूस बहिरा असतो, कधी झोपलेला असतो.

हा नेम चिंगीला लहानपणापासून पाठ. ती चार-पाच वर्षांची असताना कपाटामागे लपायची, तो कपाटावर ठोकायचा, आणि ती आतून इतक्या जोरात ओ द्यायची की शेजारीण विचारायला यायची, काय झालं म्हणून. आई म्हणे, बापलेक दोघंही कपाट पाडणार एक दिवस.

दोन वर्षांपूर्वी पाडकामावर यंत्र आलं. लांब मानेचं, पोलादी दातांचं. कामावरच्या लोकांनी त्याला जिराफ नाव ठेवलं आणि हसले. हसणं फार दिवस टिकलं नाही. जिथे घणवाले महिनाभर घाम गाळायचे, तिथे जिराफ आठवड्यात मैदान करून जाई. माणसं लागत ती दारं-चौकटी काढण्यापुरती. घणवाल्याला आठवड्यातून दोन-तीन दिवस बोलावणं येऊ लागलं, उरलेले दिवस तो घरी. बायको इस्पितळाच्या धुलाईखान्यात, सकाळी जाई ती संध्याकाळी येई. म्हणजे घरात घणवाला, त्याचे रिकामे हात, आणि शाळेच्या शेवटच्या मोठ्या परीक्षेला बसलेली चिंगी.

आणि त्याच सुमाराला वर्गबाईंनी पालकांना बोलावलं. बाई चांगल्या होत्या. त्या म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, पण हे वर्ष मुलांना जड जातं, घरातून लक्ष द्यायला हवं. त्या हे सगळ्याच पालकांना सांगत होत्या. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन विसरले. घणवाल्याला मात्र किती दिवसांनी कुणीतरी काम दिलं होतं.

त्याने स्टूल आणलं आणि तिच्या खुर्चीमागे मांडलं. गणितातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण पेन चालतंय की थांबलंय हे कुणालाही दिसतं. पेन थांबलं की तो बोटाच्या पेराने तिच्या डोक्यावर ठोकायचा. सुरुवातीला हळू. ती वळून हसायची. मग हसेनाशी झाली. मग ती म्हणाली, "बाबा, विचार करताना पेन थांबतं." तो म्हणाला, विचार करायला वर्ष पडलंय, आधी लिही. चाचणीत गुण कमी पडले त्या दिवशी पहिली थोबाडीत बसली. तिचा चष्मा उडून पलंगाखाली गेला. तो त्यानेच वाकून काढला, शर्टाला पुसला आणि तिच्या नाकावर ठेवला. त्याला वाटलं, मिटलं.

एकदा वाट पडली की पाऊल तिथेच पडतं. पट्टी झाली, कमरेचा पट्टा झाला. त्याला आनंद होत होता असं नव्हे. संध्याकाळी त्याला जेवण जात नसे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा स्टुलावर, कारण परीक्षा जवळ येत होती आणि पोरीचं लक्ष उडत चाललं होतं. ते का उडतंय हे त्याच्या ध्यानात येत नव्हतं. बायकोच्या ध्यानात आलं. पोरगी ताटातलं अन्न इकडचं तिकडे करते. पहाटे जागीच असते. आणि एक दिवस केस विंचरताना तिने पाहिलं, चिंगीची डावी भुवई जवळजवळ नाहीशी झाली होती. वाचताना ती एकेक केस ओढून काढायची.

"अहो, बघा तरी एकदा तिच्या तोंडाकडे," बायको म्हणाली.

त्याने पाहिलं. मग म्हणाला, "परीक्षा झाली की येतील परत भुवया."

बायको त्यानंतर दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती धुलाईखान्यातून रजा काढून घरी बसली. त्या दिवशी कुणी कुणाला मारलं नाही. पण रजा किती काढणार?

मग चिंगीने खोलीला आतून कडी घातली. त्याने हाक मारली, दार उघडेना. आत पेन चालतंय की नाही हे कसं कळणार? त्याने तासभर वाट पाहिली, असं तो नंतर बायकोला सांगायचा. बायको म्हणे, तासभर नव्हे, पाव तास. एवढं खरं, की त्याने आपली हत्यारांची पिशवी आणली आणि बाहेरूनच काम सुरू केलं. पहार, छिन्नी, हातोडी. चौकट भिंतीत धरून ठेवणारे लोखंडी पकडे सोडवले आणि आत चिंगी दाराला पाठ लावून उभी असतानाच दार चौकटीसकट बाहेर ओढलं. ती उताणी पडली. त्याने तिला उठवलं. त्या दुपारी ते दार, चौकटीसकट, त्याने जुन्या मालाच्या बाजारात देऊन टाकलं. हात सवयीने चालले होते.

दार गेल्यावर त्या जागी भिंतीला मोठं तोंड पडलं. त्यातून स्टुलावर बसल्या बसल्या सगळी खोली दिसे. चिंगी कपडे बदलायला मोरीत जाऊ लागली.

आणि एका सकाळी, परीक्षेला आठवडा राहिला असताना, तो चहाची पत्ती आणायला कोपऱ्यावर गेला होता. परत येताना आपल्याच घरातून घणाचा आवाज त्याला ऐकू आला. तो आवाज तो लाखांत ओळखेल. धावत आत गेला तर चिंगीने बाहेरच्या दारामागचा त्याचा घण उचललेला, केस सुटलेले, आणि तिची खोली नि स्वयंपाकघर यांमधल्या, दार काढलेल्या त्याच भिंतीवर ती घाव घालत होती. गुडघ्यांवर बसून, भिंतीच्या पायाशी. वर उचलण्याइतकी ताकद नव्हती, म्हणून घण आडवा फिरवून. प्रत्येक घावासरशी ती काहीतरी म्हणत होती. जवळ गेल्यावर त्याला कळलं. ती म्हणत होती, "बघा. घ्या, बघा. बघा सगळं."

कुणी म्हणेल, बापाने काय करावं? धावावं, हात धरावा, नको म्हणावं, थांब म्हणावं. घणवाल्याने पाहिलं की विटा खालून निघताहेत. आणि त्याच्या तोंडून जे निघालं ते होतं, "अगं, वरून. वरून घे."

तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेचं तो पुढे काहीच करू शकला नाही. तिने घण पुन्हा फिरवला आणि वरची भिंत आली.

ती येणारच होती. चौकट काढली की वरच्या विटांना लाकडाचा टेकू द्यावा लागतो. पाडायच्या इमारतीत तो कुणी देत नाही, आणि घणवाल्याने आयुष्यात ज्या घरांच्या चौकटी काढल्या ती सगळी पाडायचीच होती. आपल्या घरातही टेकू द्यायचा असतो हे त्याला सुचलंच नव्हतं.

विटा त्याने नुसत्या हातांनी उपसल्या. खाली चिंगी जिवंत होती. उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत चिरडला होता. ती ओरडत नव्हती. धुळीने पांढरी झालेली, उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत होती, आणि तो जवळ वाकला तसा तिने डावा हात उचलून कोपर तोंडावर घेतलं.

इस्पितळात हाडं बसवली, पुन्हा उघडली, पुन्हा बसवली. परीक्षा तिच्याविनाच झाली. एका डॉक्टरीण बाईंनी हाताचं सोडून भलतंसलतंच विचारलं, झोप येते का, रडू येतं का, घरी कोण असतं, आणि मग बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, मुलीला काही दिवस दुसरीकडे ठेवा. मावशी येऊन घेऊन गेली. निघताना चिंगी आईच्या गळ्यात पडली. बापाकडे बघून तिने मान हलवली, अनोळखी माणसाने रस्ता विचारल्यावर हलवतात तशी.

त्या रात्री बायको एवढंच म्हणाली, "तशा वेळीसुद्धा तुमच्या तोंडून शिकवणीच निघाली."

त्याने पडलेली भिंत पुन्हा बांधली. दारासाठी जागा सोडली आणि बाजारात ते दार शोधायला गेला, तर ते केव्हाच विकलं गेलं होतं. त्या जागी त्याने दुसरं दार बसवलं, कडी आतल्या बाजूला. महिने गेले. मग ते पत्र आलं.

आज त्याच्यापुढे जी चौकट होती ती एका जुन्या तीन मजली वसतिगृहातली होती. वरच्या मजल्यावरची शेवटची खोली. बाकीचा मजला मोकळा झाला होता, खाली जिराफ मान उगारून उभा होता, आणि मुकादमाने सांगितलं होतं की एवढी एक चौकट निघाली की यंत्र लावू. सागवान चांगलं होतं. घणवाला पहार दाबत होता आणि डोक्यात तेच चाललं होतं. खरं असेल तरच लिहा.

खोली हलली.

आधी त्याला वाटलं, आपल्यालाच चक्कर आली. मग समोरची भिंत आत फुगली, गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी भेग धावली, आणि भिंतीतून पोलादी दात आत आले. घणवाल्याने आयुष्यभर भिंती बाहेरून पाहिल्या होत्या. आत उभं राहून भिंत अंगावर येताना पाहायची ही पहिलीच वेळ. तो ओरडला, "ओ." दात मागे गेले. पुन्हा आले, जास्त खोल. एक वीट त्याच्या बरगडीवर बसली, दुसरी कानाला चाटून गेली. तो कोपऱ्यात सरकला, पहार भिंतीवर ठोकत सुटला, आणि ओ देत राहिला. "ओ. ओ. आत आहे. ओ." इंजिनाच्या गुरगुरीत त्याचा आवाज त्यालाच ऐकू येत नव्हता. तुळई सुटून पलंगासारखी आडवी पडली, तिच्याखाली अर्ध्या माणसाएवढी जागा राहिली, त्या जागेत तो अंग दुमडून पडला. धुळीने श्वास बंद झाला. तरी त्याच्या घशातून काहीतरी निघत होतं. त्याच्या मनात आलं, पोर किती महिने अशी ओ देत असेल?

यंत्र थांबलं ते मुक्यामुळे. मुका हा त्याचा जुना जोडीदार. झोपेतही गप्प बसत नाही म्हणून त्याचं नाव मुका. तो खाली चहा पिता पिता कुणाला तरी गोष्ट सांगत होता, मधेच वर बोट दाखवून म्हणाला की आमचा दादा अजून वर आहे, आणि बोट तसंच राहिलं. मग त्याने चहाचा पेला जिराफाच्या काचेवर भिरकावला.

त्यांनी त्याला तुळईखालून ओढून काढलं. अंग पिठात लोळल्यासारखं पांढरं, कानामागून रक्ताची एक ओळ. मुका बडबडत होता, हाडं मोज रे कुणीतरी, दादा पाणी घे, दादा बस. दादा बसला नाही. तो जिना उतरला, यंत्रापाशी गेला, आणि चालकाला पायाला धरून बैठकीवरून खाली ओढलं.

चालक वीस-एकवीसचा पोरगा. नवीन मिशी, नवे बूट. तो जमिनीवर आदळला आणि उठता उठता म्हणाला, "मला काय माहीत आत कोणी होतं? इंजिनात काही ऐकू येतं का?"

"ठोकायचं आधी," घणवाला म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर पहिला ठोसा मारला. "विचारायचं." दुसरा. पोराचा ओठ फाटला. "थांबायचं." तिसऱ्याला घणवाल्याने हात मागे नेला, घण उचलताना खांदा जसा मागे जातो तसा, आणि पोराने दोन्ही कोपरं तोंडावर घेतली. डोकं आत, पाठ वर, गुडघे पोटाशी.

घणवाल्याने ती कोपरं पाहिली. ओळखली. आणि तरी हात खाली आला. कोपरावर बसला, हाडावर हाड वाजलं, पोरगा कळवळला. मग हात थांबला.

नंतर सगळे बोलत होते. मुकादम ओरडत होता की मरता मरता वाचलास म्हणून गप्प आहे, नाहीतर चौकीवर नेलं असतं, आणि उद्यापासून तोंड दाखवू नकोस. पण यंत्र कुणाच्या सांगण्यावरून सुरू झालं हे तो बोलत नव्हता. मुका त्याच्याशी भांडत होता. घणवाला एका दगडावर बसून आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. थांबला, हे खरं. पण थांबला तो फटका बसल्यावर.

दवाखान्यात दोन बरगड्या मोडल्याचं निघालं. छातीला पट्टा आवळून मुका त्याला घरी सोडायला आला. वाटभर बोलत राहिला. "जिराफाला ओ कशी ऐकू येणार दादा, त्याचे कान ढगात." घणवाला हसला, आणि हसताना बरगड्या अशा दुखल्या की दारातच वाकून उभा राहिला.

बायको संध्याकाळी आली. त्याला पाहून तिने पिशवी खाली ठेवली, पट्टा चाचपला, कानामागचं रक्त ओल्या फडक्याने पुसलं. मग विचारलं. त्याने सगळं सांगितलं. पोराला मारल्याचंही सांगितलं.

"का मारलंत?"

"आधी ठोकलं नाही त्याने."

ती फडकं पिळत राहिली. "मग मारल्यावर कळलं त्याला?"

"काय?"

"पुढच्या वेळी ठोकायचं ते."

घणवाल्याने विचार केला. "नाही," तो म्हणाला. "कोपरं वर घेतली त्याने. बास."

तिने फडकं वाळत घातलं. दिवा लावला, त्याच्यापुढे जेवण ठेवलं, आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभी राहिली. बऱ्याच वेळाने तो उठला, चिंगीच्या खोलीत गेला आणि तिच्या टेबलावरचं पेन घेऊन आला. श्वास घेताना दुखत होतं, म्हणून वाक्यं लहान लहान झाली. लिहून झाल्यावर त्याने ते बायकोला वाचून दाखवलं. पोरीने आईला विचारून लिहा म्हणून सांगितलं नव्हतं, पण लपवून ठेवा असंही म्हटलं नव्हतं.

'चि. चिंगीस,

खरं असेल तरच लिहा म्हणालीस, म्हणून उशीर झाला. आज कामावर मी एका पोराला मारलं. त्याची चूक होती, पण ती मारण्याने दुरुस्त झाली नाही. त्याने तोंडावर कोपरं घेतली. तू घेतेस तशी. ते दिसल्यावरही माझा एक फटका बसलाच. तेव्हा मारणार नाही असं मला आज लिहून देता येत नाही. तू अजून येऊ नकोस.

भिंत तुझ्या हातून पडली नाही. चौकट मी काढली आणि टेकू दिला नाही. हे तुला कुणी सांगितलं नसेल. आईलाही मी आजच सांगतोय.

परीक्षेचं मी पुन्हा कधी विचारणार नाही. हे मात्र लिहून देतो. ते मला जमेल.

येत्या रविवारी मी मावशीच्या गावी येतो. घरात येणार नाही. गाडी थांबते तिथे बाक आहे, त्यावर बसेन. तुला वाटलं तर ये. नाही वाटलं तर संध्याकाळच्या गाडीने परत जाईन आणि पुढच्या रविवारी परत येईन. रागावणार नाही. रागावलो तरी तो राग मी गाडीतून परत घेऊन जाईन.

पिलं किती झाली ते तू लिहिलं नाहीस.

बाबा'

बायको ऐकत होती. 'येऊ नकोस' आलं तेव्हा तिने तोंडावर पदर धरला होता, तो तसाच होता.

"हे पाठवणार?" तिने विचारलं.

"हो."

"रडेल ती."

"हो."

"मी इथे तिच्यासाठी रोज गादी झटकून ठेवते," ती म्हणाली, "आणि तुम्ही लिहिता येऊ नकोस." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं, असं त्याला वाटलं. तो टेबलावर तळहात पालथे ठेवून बसून राहिला. तिने त्या हातांकडे पाहिलं, उजव्या हाताची सुजलेली पेरं पाहिली, आणि आत जाऊन कपाटातून एक पाकीट घेऊन आली.

"पत्ता मी लिहिते," ती म्हणाली. "तुमचं अक्षर टपालवाल्याच्या बापाला वाचता यायचं नाही."

सकाळी तो टपाल कचेरीत गेला. घाई नव्हती, काम सुटलं होतं. रांगेत उभं राहताना छाती दुखत होती. मागच्या माणसाचा धक्का लागू नये म्हणून त्याने एक हात बरगडीवर धरला होता, दुसऱ्या हातात पाकीट. आपलं पाकीट फारच हलकं आहे, असं त्याला वाटलं. पुढे एक बाई परदेशी पाठवायचं खोकं घेऊन आली होती, तिला फार वेळ लागला. दोनदा त्याच्या मनात आलं, घरी जावं, नीट विचार करून लिहावं. तो तिथेच उभा राहिला.

खिडकीतल्या कारकुनाने पाकीट वजनाच्या काट्यावर टाकलं, उचललं, तिकीट चिकटवलं आणि शिक्का हाती घेतला. लाकडी मुठीचा जुना शिक्का होता. कारकून तो खांद्यापर्यंत उचलून दाणकन आपटत होता, सकाळपासून प्रत्येक पाकिटावर तसाच. शिक्का वर गेला.

"जरा हळू, साहेब," घणवाला म्हणाला.

कारकुनाचा हात वरच्या वर राहिला. त्याने चष्म्यावरून पाहिलं. समोर मोठ्या हाडापेराचा, छातीला पट्टा बांधलेला माणूस, पेरं सुजलेली.

"काच आहे का आत?"

"नाही. कागदच आहे."

कारकुनाने खांदे उडवले. मग शिक्का हलकेच टेकवला, जरा दाबला आणि उचलला. पाकीट मागच्या पोत्यात गेलं. घणवाला बाजूला झाला, आणि मागचा माणूस पुढे सरकला.